'काहीच घडत नाही' म्हणणाऱ्यांस

काहीच घडत नाही! गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून हे तीन शब्द आम्ही इतक्यांदा ऐकले आहेत की, आता त्यांना उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर चर्चच्या ओट्यावर रेंगाळणारी मुले ते म्हणतात. अकोल्याला शिकणारी आणि शनिवारी घरी येणारी मुले ते म्हणतात. आणि त्यांचे ऐकून, मालिकेचा एकही भाग न पाहिलेले त्यांचे आईबापही ते म्हणू लागले आहेत. निमित्त एका जपानी मालिकेचे. सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या वाशिम जिल्ह्यात जपानी मालिकेवरून मतभेद व्हावेत, याचे आमच्या पिढीला नवल वाटेल. पण मोबाइल सर्वांच्या खिशात आहे, आणि मुलांच्या रात्री कोठे जातात हे ज्या पालकांना ठाऊक नसेल, त्यांनी निदान या लेखापुरते तरी आमच्यासोबत यावे.

मालिकेचे नाव 'हिकारू गा शिंदा नात्सु'. सरळ मराठीत सांगायचे तर, 'ज्या उन्हाळ्यात हिकारू वारला'. मोकुमोकुरेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकथाकाराची ही चित्रकथा २०२१ पासून जपानमध्ये क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यावरून रिओहेई ताकेशिता यांनी दिग्दर्शित केलेली बारा भागांची ॲनिमे मालिका जुलै ते सप्टेंबर २०२५ या काळात, आठवड्याला एक भाग याप्रमाणे दाखविली गेली आणि नेटफ्लिक्सद्वारे आपल्याकडेही पोहोचली. ॲनिमे म्हणजे जपानी धाटणीची ॲनिमेशन मालिका, एवढे वडीलधाऱ्यांसाठी सांगून पुढे जातो.

कथा अशी. एका डोंगराळ, आडवळणाच्या खेड्यात योशिकी आणि हिकारू हे लहानपणापासूनचे दोन मित्र आहेत. हिकारू एकदा डोंगरात गेला, आठवडाभर बेपत्ता झाला आणि मग परत आला. सहा महिन्यांनंतर, ऐन उन्हाळ्यात, एका दुकानाबाहेर दोघे काही थंड खात बसले असता योशिकी त्याला सांगतो की, तू हिकारू नाहीस. आणि समोरचा ते कबूल करतो! हिकारू डोंगरातच मेला आहे. त्याचे शरीर, त्याचा चेहरा, त्याच्या आठवणी, त्याचे हसणे घेऊन जे परत आले आहे ते दुसरेच काही आहे. ते रडते, हे कुणाला सांगू नकोस म्हणून विनविते. योशिकीला सत्य समजले आहे. तरीही मित्र अजिबात नसण्यापेक्षा हा बरा, असे म्हणून तो त्याला जवळ ठेवतो. पुढे गावात अशुभ गोष्टी घडू लागतात, एका वृद्धेचा मृत्यू होतो, गावातीलच एक गृहिणी योशिकीला सावध करते. रहस्य हळूहळू, फार हळूहळू उकलते. सगळे उकलतही नाही. मधल्या वेळात रातकिडे ओरडतात, शेते हलतात, शाळेची घंटा होते, मुले सायकलवरून घरी जातात.

यावर आमच्या भागात तीन तऱ्हेच्या प्रतिक्रिया उमटल्या. तरुणांपैकी बहुतेकांनी पहिले दोन भाग पाहून मालिका सोडून दिली. ज्यांनी सोडली नाही त्यांनी ती दीडपट वेगाने पाहिली. वडीलधाऱ्यांपैकी काहींनी ती सैतानी ठरविली आणि तरुण मंडळाच्या मुलांनी ती पाहू नये, असा नियम करावा अशी मागणी फादरांकडे केली. तिसरा वर्ग सर्व कोडी सोडविणाऱ्यांचा. त्या प्राण्याचे मूळ काय, शेवटचा अर्थ काय, हे सांगणारे व्हिडिओ पाहून यांनी मालिका न पाहताच समजून घेतली. दोन मित्रांच्या स्नेहाला कोणते नाव द्यावे, यावरही काहींनी आपली सारी बुद्धी खर्च केली. एक मुलगा मित्राच्या मरणाने मोडून पडला आहे, हे त्या गडबडीत त्यांच्या नजरेतून निसटले. या तिन्ही वर्गांशी आमचे भांडण आहे, आणि ते आम्ही येथे उघडपणे मांडणार आहोत.

प्रथम सैतान शोधणाऱ्यांचे पाहू. त्यांचा युक्तिवाद असा की, ज्या कथेत मृताच्या देहात दुसरेच काही शिरते ती कथा ख्रिस्ती घरात नको. मृतांना पाचारण करणे, भुतेखेते वश करणे ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले आहे, यात तिळमात्र शंका नाही. परंतु निषिद्ध कृत्याची कथा सांगणेही निषिद्ध असते, तर शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय आपल्या बायबलातून फाडून काढावा लागला असता. एनदोरच्या त्या रात्री शौल राजा वेष पालटून एका भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकडे जातो, मृत शमुवेलाला वर आणवतो आणि आपल्या नाशाचे भाकीत ऐकून जमिनीवर कोसळतो. ही भयकथाच आहे. पवित्र लेखकाने ती टाळली नाही. उलट, राजाने सबंध दिवस आणि रात्र अन्न घेतले नव्हते आणि त्याच स्त्रीने त्याला आग्रहाने जेवू घातले, इतक्या बारकाव्यानिशी ती सांगितली. आमच्या या बंधूंनी तो अध्याय शेवटचा कधी वाचला होता, हे त्यांनीच आठवून पाहावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयीचा आपला हुकूमनामा प्रसिद्ध केला. नीतीच्या मर्यादा सांभाळून केलेले दुष्टतेचे चित्रण मनुष्याचे अधिक खोल ज्ञान करून देऊ शकते, असे त्यात मान्य केले आहे. चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी जाहीर केली. तिच्या धर्मविषयक विभागात कार्ल ड्रायरचा १९५५ चा 'ओर्डेट' आहे आणि आंद्रेई तारकोव्हस्कीचे 'आंद्रेई रुब्लेव्ह' व 'द सॅक्रिफाइस' हे चित्रपट आहेत. हे तिन्ही चित्रपट संथ, कमालीचे संथ आहेत. 'ओर्डेट'मध्ये तर बाळंतपणात मरण पावलेली स्त्री शवपेटीतून उठते, आणि त्या क्षणापर्यंत प्रेक्षकाला दोन तास एका डॅनिश शेतकऱ्याच्या घरातील चालणे, बसणे, कॉफी पिणे पाहावे लागते. ज्यांनी ही यादी केली ते काही सैतानाचे हस्तक नव्हते.

आणि जपानी चित्रशैलीचाच विटाळ असेल, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्चबिशप रिनो फिसिकेला यांनी २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी जे बोधचिन्ह लोकांपुढे आणले ते पाहावे. पिवळा रेनकोट, चिखलाने माखलेले बूट आणि हातात यात्रेकरूची काठी असलेली 'लुचे' ही मुलगी थेट ॲनिमेच्या वळणाची आहे. ओसाका येथील २०२५ च्या जागतिक प्रदर्शनात व्हॅटिकनच्या दालनाचे प्रतीकही तीच होती. तिच्या डोळ्यांचा मोठेपणा पाहून कुणाची श्रद्धा ढळल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथे एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठी कॅथलिक नियतकालिकांचा पाया ज्यांनी घातला, १९०३ मध्ये 'निरोप्या' सुरू केला, ते जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग पुढे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. आणि पहिल्या महायुद्धाने त्यांची वाट अडविल्यानंतर १९२१ मध्ये त्यांची नेमणूक झाली ती जपानात, हिरोशिमा येथे! १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्यास परतले. मराठी कॅथलिक अक्षरसेवेचा आद्य पुरुष सहा वर्षे जपान्यांचा मेंढपाळ होता. आपण मात्र जपानहून आलेली कथा दिसली की पवित्र पाण्याची बाटली शोधतो.

अलौकिक कथांची भीती आमच्याच जिल्ह्यात बाळगणे तर अधिकच विचित्र. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. त्याच काळातील सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा भिंतभर रंगविली आहे. त्या कथेत राक्षसी सुंदर स्त्रियांचे रूप घेऊन व्यापाऱ्यांच्या बायका होतात, आणि त्यांतली एक राजवाड्यापर्यंत येऊन पोहोचते. आपलेच माणूस म्हणून घरात आलेले रूप खरे कोण आहे, हा प्रश्न आमच्या राजधानीच्या काळात पंधराशे वर्षांपूर्वी भिंतीवर लिहिला गेला आहे. ती भिंत पाहताना कथा कोठे सुरू होते आणि कोठे संपते हेही चटकन कळत नाही. डोळा फिरवीत उभे राहावे लागते. आमच्याच कारंज्यात श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, आणि त्यांच्या चरित्राचे पारायण आमचे हिंदू शेजारी सात दिवस नेमाने करतात. त्या ग्रंथातही मृत पती जिवंत होतो. सातव्या दिवशी घडणाऱ्या गोष्टीसाठी पहिल्या दिवशी पाटावर बसण्याची ही सवय आपल्याकडेही होतीच की. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ते गोव्यातील आपल्या पूर्वजांनी रविवारमागून रविवार बसून ऐकले. कोणी उठून, येशूजन्म केव्हा येणार, आदामाचे किती लांबवता, असे विचारले असेल असे वाटत नाही.

आता तरुणांकडे वळतो. त्यांच्याबद्दल आम्हाला माया आहे, म्हणून बोल अधिक कठोर लागतील.

'काहीच घडत नाही' म्हणजे नेमके काय घडत नाही? मारामारी घडत नाही, पाठलाग घडत नाही, दर तीन मिनिटांनी कोणी किंचाळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्येच 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट आपल्याकडे हिंदीसह अनेक भाषांत लागला, मोठ्या शहरांत त्याचे भल्या पहाटेचे खेळ झाले आणि आमच्या भागातील काही मुले तो पाहण्यासाठी बसने गेली. तो चित्रपट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही; त्यातही मृत्यू आहे, शोक आहे. परंतु तेथे शोकाला तलवार मिळते. ज्याला तलवार मिळत नाही, ज्याने फक्त रोज शाळेत जायचे आणि बाकावर शेजारी बसलेल्या त्या परक्या डोळ्यांकडे पाहायचे, त्याचे काय? त्याची कथा सांगायची तर ती कोणत्या वेगाने सांगावी?

नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये मोबाइलवर चित्रपटांचा वेग वाढविण्याची सोय चाचणीदाखल आणली, तेव्हा अमेरिकेतील जड अपाटो, ब्रॅड बर्ड यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी जाहीर निषेध केला. तरीही २०२० मध्ये ती सोय सर्वांना मिळाली, दीडपटीपर्यंत. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. लोकांनी मागितले ते तिने विकले. पण दीडपट वेगाने काय नष्ट होते ते पाहावे. संवाद नष्ट होत नाहीत, घटना नष्ट होत नाहीत. कथानक अबाधित राहते. नष्ट होते ती फक्त शांतता. दोन वाक्यांमध्ये योशिकी जे थांबतो ते थांबणे दोन तृतीयांशावर येते. आणि या मालिकेचे सारे बळ त्या थांबण्यात आहे. रातकिड्यांचा आवाज अचानक बंद पडतो तेव्हा अंगावर काटा येतो. पण तो आवाज ज्याने आधी नीट ऐकलाच नाही त्याला तो बंद पडल्याचे कळणार कसे? ज्याने मीठ काढून टाकले त्याने भाजी अळणी लागते म्हणून तक्रार करू नये.

असे घाईचे निकाल मागेही लागले आहेत. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा लावला, आणि पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी तिकीट काढून तो पाहिला. चित्रपटात एका चौकटीचाही फरक नव्हता; फरक पाहणाऱ्यांत पडला होता. 'रात्रीस खेळ चाले' ही २०१६ ची मराठी मालिकाही आठवते. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशा तक्रारी तिच्यावर झाल्या. रोज अर्धा तास काही घडतच नाही, अशी कुरकूरही घरोघर होती, आणि तरी रात्री साडेदहाला तीच घरे टीव्हीपुढे असत. त्या मालिकेचे आम्ही समर्थक नाही. तिचा संथपणा पुष्कळदा जाहिरातींच्या सोयीचा होता, दाराचे कडी-कोयंडे तीन-तीनदा दाखविण्याचा होता. संथपणाही दोन प्रकारचा असतो. एक वेळ काढण्यासाठी, दुसरा वेळ देण्यासाठी. एवढा विवेक आमच्या तरुणांनी केला असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

कोडी सोडविणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. ज्यांना गूढ म्हणजे चुकलेले गणित वाटते, त्यांची आम्हाला कीव येते. ते मिस्सेला बसतात तेव्हा काय समजून बसतात, हा प्रश्न मात्र मनात आल्यावाचून राहत नाही.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या लहानशा समाजातील एक एकोणीस वर्षांचा मुलगा मालेगावच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. आमच्या जिल्ह्यात कॅथलिक घरे मोजकी. एक मुलगा जातो तेव्हा गायनमंडळाचा एक आवाज जातो, नाताळच्या गोठ्याचे बांबू बांधणारे दोन हात जातात. त्याचा एक मित्र होता, त्याच गल्लीतला, त्याच्याच वयाचा. अंत्यविधीला सगळे आले, नवव्या दिवसाला पुष्कळ आले, महिन्याच्या मिस्सेला नेहमीचेच आले. त्यानंतर त्या मित्राला आम्ही सर्वांनी मिळून काय सांगितले? 'आता पुरे.' कुणी प्रेमाने सांगितले, कुणी वैतागून. गायनात परत ये, परीक्षा जवळ आली, आईला त्रास होतो, किती दिवस असा बसणार? चार महिन्यांनी त्याचे दुःख आम्हाला लांबलेले वाटू लागले. यात आम्हीही होतो. हात झटकून मोकळे होण्याचा अधिकार आम्हाला नाही.

ऑगस्टमध्ये त्याच्या घरी कळले की तो ही मालिका पाहतो. सैतानाची मागणी घेऊन जे फादरांकडे गेले त्यांनी त्याचेच उदाहरण दिले होते: पोरगा आधीच खचला आहे, त्यात हे मेलेल्यांचे खेळ! फादरांनी नियम केला नाही, त्यांनी मुलाशी बोला असे सुचविले. आम्ही त्याच्याशी बोललो. तो आठवड्याला एकच भाग पाहत होता, आला त्या दिवशी, साध्या वेगाने, आणि पुढच्या भागाची वाट पाहत होता. बाकीची मुले म्हणतात यात काही घडत नाही, असे आम्ही त्याला म्हटले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, त्याच्यात लय घडते. तो दररोज त्याच्याकडे पायते, आन् दररोज त्याले समजते का हा तो नाही."

आमच्या पन्नास वर्षांच्या वाचनात शोकाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला भेटली नाही. माणूस गेल्यावर त्याच्या जागी रोज काहीतरी येऊन बसते: त्याचा फोटो, त्याच्या शर्टाचा वास, त्याच्यासारखी चाल असलेला बाजारातला कुणी अनोळखी पोरगा. रोज क्षणभर वाटते, तो आहे. रोज समजते, हा तो नाही. ही घटना रोज घडते, आणि बाहेरच्याला काहीच घडताना दिसत नाही. ज्यांना ती मालिका संथ वाटली, त्यांनाच तो मुलगाही संथ वाटला. हे दोन कंटाळे वेगळे नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ज्यांना ते झोंबेल त्यांना झोंबू द्यावे.

याचा अर्थ मालिका निर्दोष आहे असा नाही. लहान मुलांपुढे ती मुळीच लावू नये. काही दृश्ये अंगावर येणारी आहेत आणि रक्तही आहे. शिवाय योशिकीची जी तडजोड आहे, खरा नसेल तर खोटा चालेल ही, ती ख्रिस्ती मनाला मान्य होण्यासारखी नाही. पण ती का मान्य नाही, हे आपण मुलांना कधी समजावून सांगितले आहे काय? 'सैतानी' हा शब्द फेकला की समजावण्याचे श्रम वाचतात. ते श्रम घेतले असते तर आपल्या हाती केवढे धन लागले असते! कारण पुनरुत्थानाच्या कथा या मालिकेच्या नेमक्या उलट आहेत. येथे परत आलेल्याचा चेहरा तोच आहे, आवाज तोच, आठवणी त्याच; आणि तो नाही. शुभवर्तमानात परत आलेल्याला कुणी ओळखतच नाही. मग्दालिया मरियेला तो माळी वाटतो. एम्माऊसच्या वाटेवरचे दोघे त्याच्याबरोबर कित्येक मैल चालतात, बोलतात, त्यांचे अंतःकरण पेटते, तरी त्यांना ओळख पटत नाही. चेहऱ्याने ओळख पटत नाही. आणि तो तोच आहे! मरियेला ओळख पटते ती त्याने नावाने हाक मारल्यावर, त्या दोघांना भाकर मोडल्यावर, आणि थॉमसाला जखमा पाहून. देहावरच्या जखमा पुसलेल्या नाहीत. डोंगरातून आलेल्या त्या अनोळखी प्राण्याने हिकारूचे मरण झाकून टाकले, म्हणून तो हिकारू नव्हे. प्रभूने आपले मरण हातांवर तसेच वागविले, म्हणून तो प्रभूच.

एम्माऊसच्या वाटेचेही पाहा. प्रभूला पहिल्याच पावलाला सांगता आले असते की, मीच तो. त्याने सांगितले नाही. मोशेपासून सुरुवात करून सर्व संदेष्ट्यांचे लेख उलगडत तो दिवस कलेपर्यंत चालला, आणि गाव आल्यावर पुढे जाण्याचा रोख दाखविला. तो प्रवास दीडपट वेगाने केला असता तर ते दोघे रात्री लवकर जेवले असते, एवढेच.

हे आम्ही त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याने एक शंका काढली. योशिकीला जर खरा हिकारू परत मिळाला असता, जखमांसकट, तर त्याला ओळख पटली असती का? आम्हाला उत्तर देता आले नाही. फादरांनाही त्याने विचारले, आणि त्यांनीही विचार करून सांगतो म्हटले. सैतान शोधणाऱ्यांनी हा प्रश्न ऐकला असता तर बरे झाले असते, पण तोवर त्यांनी या विषयात लक्ष घालणे सोडून दिले होते. आगमनकाळाच्या वर्गणीचा विषय निघाला होता.

मालिकेच्या पुढील पर्वाची घोषणा झाली आहे. ते येईल तेव्हा पुन्हा हाच कोलाहल होणार, हे आम्ही जाणून आहोत. नियम करण्याची मागणी पुन्हा आली तर आम्ही तिला विरोध करू. तरुण मंडळाने ती मालिका एकत्र बसून, साध्या वेगाने, आठवड्याला एक भाग याप्रमाणे पाहावी आणि नंतर त्यावर बोलावे, अशी आमची मागणी आहे, आणि ती लेखी दिली आहे. तिच्यावर सह्या तीन झाल्या आहेत.

गेल्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, रविवार होता. सायंकाळी कबरस्तानात मिस्सा झाली. कबरी साफ करून फुले वाहिली होती, मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या आणि मुले त्या पुन्हा पेटवीत होती. वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचण्याचे काम फादरांनी त्या मुलाकडे दिले होते. नावे चारच होती. पहिली तीन त्याने वाचली, प्रत्येक नावानंतर एक मेणबत्ती ठेवली गेली. चौथ्या नावाशी तो थांबला. किती वेळ थांबला ते आम्ही घड्याळात पाहिले नाही. पलीकडच्या तुरीच्या शेतातून किड्यांचा आवाज येत होता. मग त्याने ते नाव वाचले, स्पष्ट आवाजात, आडनावासकट, आणि मेणबत्ती स्वतः नेऊन ठेवली.

त्या दिवशीची मिस्सा फार लांबली, अशी तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कानी आली.